पळसाची लाख आणि कोशिंबाची लाख

फाल्गुन सरत आला म्हणजे आमच्या तळेरे गांवाभोंवतींच्या रानांतील कोशिंबाचीं झाडें एकाएकीं तांबडीं होतात. नवखा प्रवासी तीं फुलें समजतो. वस्तुतः ती कोंवळी पालवी असते. येथूनच वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरच्या बाजूला गेलें म्हणजे त्याच दिवसांत दुसरें एक तांबडें झाड दृष्टीस पडतें, तें पळसाचें. त्याचा तांबडेपणा मात्र खरोखर फुलांचा. या दोन झाडांत याहून अधिक नातें असेल असें आम्हांस पूर्वीं कधीं वाटलें नव्हतें. कुठेंही गेलें तरी पळसाला पानें तीनच, ही म्हण आम्हीही वर्गांत शेंकडों वेळां वापरली आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं येथला मुंबई-गोवा रस्ता चौपदरी झाला, तेव्हां कडेचीं जुनीं झाडें गेलीं. त्यांत आमच्या लहानपणापासून ओळखीचे दोन कोशिंबही गेले. आम्हीं हळहळ व्यक्त केली, तेव्हां एका जाणत्या गृहस्थांनीं आमचें समाधान केलें : "एका झाडाबद्दल अनेक रोपें लावायचीं आहेत, मग तुमचें नुकसान तें काय झालें?" हिशेब बिनतोड होता व आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. पुढें लाखेचा इतिहास वाचीत असतां तें उत्तर आम्हांस एका किड्यानें दिलें. तो इतिहास वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

लाख ही आपल्या घरांत इतकी मुरलेली वस्तु आहे कीं तिचें अस्तित्व जाणवतही नाहीं. बंद पाकिटाला आपण लाखोटा म्हणतों, तो त्यावर लाखेची मोहर होत असे म्हणून. सोनार पोकळ दागिन्यांत लाख भरतो. स्त्रियांच्या पायांना लावावयाचा अळिता मुळांत लाखेच्या रंगाचा. पांडवांस जाळण्यासाठीं दुर्योधनानें बांधविलेलें घर लाखेचें, ही कथा तर मुलांनाही ठाऊक असते. आमच्याच जिल्ह्यांत सावंतवाडीचे चितारी पिढ्यान्‌पिढ्या लांकडावर लाखेचें रंगकाम करीत आले. तेथली गंजिफा आणि लांकडी खेळणीं यांची कीर्ति सर्वश्रुत आहे. आणि ज्यांच्या घरीं कर्ण्याचा ग्रामोफोन होता, त्यांनीं बालगंधर्वांचा आवाज ऐकला तो लाखेंतूनच. कारण मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती जुनी काळी तबकडी लाखेंत दगडाची बारीक पूड कालवून दाबलेली असे. एका किड्याच्या अंगांतून पाझरलेला राळेसारखा रस, आणि त्यावर केवढा संसार!

या रसाचा उल्लेख फार प्राचीन आहे. अथर्ववेदाच्या पांचव्या कांडांतील पांचवें सूक्त 'लाक्षा' नांवाच्या एका औषधीला उद्देशून आहे. तिला तेथें सिलाची असेंही म्हटलें असून ती जखम भरून काढते अशी तिची स्तुति आहे. ही औषधी म्हणजे वेल, असें कांहीं पंडित मानतात. ती लाखच, असें दुसरे मानतात. आमचें लक्ष वेधलें तें तेथल्या झाडांच्या यादीनें. ती कोणकोणत्या झाडांवरून येते हें सांगतांना ऋषीनें प्लक्ष, अश्वत्थ, खदिर, धव, न्यग्रोध आणि पर्ण हीं नांवें घेतलीं आहेत. पर्ण म्हणजे आपला पळस. आणि पिंपळ, वड, खैर, पळस या झाडांवर लाख आजही आढळते. लाख कोणत्या झाडावरची, हें सांगण्याची गरज इतक्या जुन्या काळींही वाटली होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पाश्चात्त्य विद्वानांनीं या किड्याकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहण्यास अठराव्या शतकांत आरंभ केला. जेम्स केर यानें १७८१ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्याचें वर्णन मांडलें व त्यानें दिलेलें 'लाक्का' हें विशेषनाम त्या जातीला अद्याप चिकटून आहे. पुढें दहा वर्षांच्या आंत विल्यम रॉक्सबर्ग यानें आणखी सूक्ष्म निरीक्षण केलें. या किड्याचें चरित्र मोठें विलक्षण आहे. अंड्यांतून निघालेलें पिल्लूं सुमारें अर्ध्या मिलिमीटरचें, तांबूस रंगाचें असतें. तें कोंवळ्या फांदीवर थोडें हिंडतें, मनाजोगती जागा सांपडली म्हणजे सोंड सालींत खुपसून बसतें आणि अंगाभोंवतीं लाखेचें घर बांधूं लागतें. मादीचा प्रवास येथेंच संपतो. पुढच्या कातीबरोबर तिचे पाय जातात, डोळे जातात. उरलेला सारा जन्म ती त्याच एका ठिकाणीं रस शोषीत काढते. नर मोठा झाल्यावर बाहेर पडतो खरा, पण त्याचें आयुष्य अवघ्या तीनचार दिवसांचें. तेवढ्यांत त्याला जवळपासच जोडीदारीण गांठावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या किड्याचा तांबडा रंग हाच व्यापाराचा मुख्य माल होता. पर्किन यानें १८५६ सालीं कृत्रिम जांभळा रंग शोधून काढला व त्यामागून डांबरापासून निघणाऱ्या रंगांची रांग लागली, तेव्हां लाखेच्या रंगाचा धंदा बुडाला. राळेचा धंदा मात्र वाढला. वार्निश, विजेचीं उपकरणें आणि तबकड्या यांना लाख हवी होती. पहिल्या महायुद्धानंतर सरकारला या मालाची काळजी वाटूं लागली. लिंडसे व हार्लो या दोघांनीं चौकशी करून १९२१ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि त्याच्या अनुरोधानें १९२४ सालीं रांचीजवळ नामकुम येथें लाखेच्या संशोधनाची संस्था निघाली. तिच्या पहिल्या संचालक एक स्त्री, डोरोथी नॉरिस या होत्या. नांव बदललें असलें तरी ती संस्था आजही चालू आहे.

शास्त्रज्ञ नामकुमला येण्याच्या कितीतरी आधीं छोटानागपूरच्या शेतकऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. लाखेचे वंश दोन : एक रंगीनी आणि दुसरा कुसुमी. रंगीनी पळसावर व बोरीवर वाढते. कुसुमी वाढते ती कुसुमाच्या झाडावर. आणि हें कुसुम म्हणजेच आमचा कोशिंब. (करडईलाही संस्कृतांत कुसुंभ म्हणतात, पण तिचा येथें संबंध नाहीं.) आमच्या बाजूला कोशिंबाची ओळख त्याच्या बियांच्या तेलावरून; तिकडे ती लाखेवरून. कुसुमी लाख रंगानें फिकी, गुणानें सरस, म्हणून तिला भावही अधिक. रंगीनीचें बेणें कोशिंबावर बांधलें तर तें धरत नाहीं. कुसुमीचें बेणें पळसावर नांदत नाहीं.

दोघींचें पंचांगही निराळें आहे. रंगीनीचीं वर्षांतून दोन पिकें : एक 'कतकी', जें पावसाळ्याच्या आरंभीं लावून कार्तिकाच्या सुमारास निघतें, म्हणजे चारच महिन्यांचें, दुसरें 'बैसाखी', जें तेथून पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत, आठ महिने चालतें. कुसुमीचींही पिकें दोनच, पण तीं सहासहा महिन्यांचीं : 'अगहनी' हिंवाळ्यांत निघतें आणि 'जेठवी' उन्हाळा सरतांना. अगहन म्हणजे आपला मार्गशीर्ष, जेठ म्हणजे ज्येष्ठ. एकाच रानांत शेजारीं शेजारीं दोन झाडें. पण एकावरचा किडा वर्षाचे चार आणि आठ असे भाग करतो, तर दुसऱ्यावरचा सहा आणि सहा.

आतां खरा प्रश्न येतो. हा भेद कोणाचा? झाडाचा कीं किड्याचा? कोणीही सहज म्हणेल कीं झाडाचा. गाईला जसा चारा तसें दूध. कोशिंबाचा रस प्यायला म्हणून किडा कुसुमी झाला, पळसाचा प्यायला म्हणून रंगीनी. हें खरें असेल तर दोन वंश असें कांहीं नाहींच. किडा एकच, खाणें निराळें. याची परीक्षा करावयाची तर दोन्ही वंशांना एकाच ताटांत जेवूं घातलें पाहिजे. आणि निसर्गानें असें एक ताट मांडून ठेवलें आहे. बोरीचें झाड दोघांनाही चालतें. कोशिंबावरचें बेणें बोरीवर बांधलें तर तें बोरीचा रस पितें, पण पंचांग कुसुमीचेंच पाळतें आणि लाखही कुसुमीचीच देतें. पळसावरचें बेणें त्याच बोरीवर चार-आठ महिन्यांचाच हिशेब चालवितें. रस एक असूनही स्वभाव दोन राहिले. तेव्हां भेद ताटांतला नव्हे, रक्तांतला आहे, म्हणजे आईबापांपासून मुलांकडे जनुकांच्या द्वारें येणारा आहे. शास्त्रज्ञ या दोघांस अद्याप दोन जाती म्हणत नाहींत, एका जातीचे दोन वंश म्हणतात.

तथापि एवढ्यावरून झाडानेंच हे दोन वंश पाडले असें म्हणणें घाईचें होईल. कदाचित् वंश आधीं वेगळे झाले असतील व मागाहून प्रत्येकानें आपलें झाड निवडलें असेल. फूट पडली तेव्हां पाहावयास कोणी हजर नव्हतें. सुदैवानें दुसऱ्या एका देशांत अशीच फूट पडत असतां एक चिकित्सक पुरुष हजर होता.

बेंजामिन वॉल्श हा १८०८ सालीं जन्मलेला इंग्रज, केंब्रिजचा पदवीधर व तेथील डार्विनच्या ओळखीचा. तो अमेरिकेंत इलिनॉय प्रांतीं जाऊन शेतकरी झाला, पुढें लांकडाचा व्यापारी झाला आणि पन्नाशीच्या सुमारास सर्व सोडून किड्यांच्या मागें लागला. पन्नाशी हें नवा अभ्यास आरंभण्याचें वय नव्हे असें म्हणणाऱ्या आमच्या मित्रांस आम्ही नेहमीं याचें उदाहरण देतों. १८६४ सालीं त्यानें असें मत मांडलें कीं, वनस्पतीवर जगणाऱ्या किड्यांपैकीं कांहीं जण नव्या झाडावर गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेंच राहिले, तर प्रथम त्यांचा एक पोटभेद होतो व पुढें त्याची निराळी जात होते. त्याला उदाहरणही लवकरच मिळालें. हॉथॉर्न नांवाच्या अमेरिकेच्या काटेरी झाडाला बारीक तांबडीं फळें येतात व त्यांत एका माशीच्या अळ्या वाढतात. सफरचंद अमेरिकेचें नव्हे. तें युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं नेलें. दोनशें वर्षें ही माशी सफरचंदाच्या वाटेस गेली नाहीं. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हडसन नदीच्या खोऱ्यांतील बागांमध्यें सफरचंदांत त्याच अळ्या सांपडूं लागल्या. वॉल्शनें १८६७ सालीं ही गोष्ट नोंदविली. दोनच वर्षांनीं आगगाडीच्या अपघातांत त्याचा अंत झाला.

पुढें जवळजवळ शंभर वर्षें हा विचार मागें पडला. विसाव्या शतकाच्या मध्यास अर्न्स्ट मायर यासारख्या थोर पंडिताचें म्हणणें असें होतें कीं, एका जातीच्या दोन जाती व्हावयाच्या तर मध्यें डोंगर, नदी, समुद्र असें कांहीं तरी आडवें आलेंच पाहिजे; एकाच बागेंत राहणारे किडे विभक्त होणार कसे? गाय बुश यानें १९६० नंतरच्या दशकांत वॉल्शची माशी पुनः हातीं घेतली आणि उत्तर दिलें : मध्यें समुद्र नाहीं, पण झाड आहे. ही माशी आपलें लग्न फळावरच लावते व त्याच फळांत अंडें घालते. सफरचंद हॉथॉर्नच्या आधीं तीनचार आठवडे पिकतें, आणि माशीचें उडतें आयुष्य जेमतेम महिन्याचें. तेव्हां जी लवकर जन्मते ती सफरचंदावरच्यांत सोयरीक करते, उशिरा जन्मते ती हॉथॉर्नवरच्यांत. १९८८ सालीं जेफ्री फेडर व इतर संशोधकांनीं या दोन्ही माश्यांचीं अनुवंशिक लक्षणें तपासून दाखविलीं. त्यांत ठाम फरक निघाला. दोहोंत दर पिढीस शेंकडा चार ते सहा इतकीच सरमिसळ होते असें पुढें दिसून आलें. दोन झाडें शेजारीं उभीं असतांही जातींची भिंत रचली जात होती. एवढेंच नव्हे, तर त्या अळ्यांवर जगणारी एक चिमुकली गांधीलमाशी आहे, तिच्यांतही त्याच रेषेवर फूट पडत असल्याचें २००९ सालीं सिद्ध झालें. एका झाडाचीं दोन झालीं, म्हणून माशीचे दोन वंश झाले. माशीचे दोन झाले, म्हणून तिच्या वैऱ्याचेही दोन झाले.

हें ध्यानांत घेऊन लाखेकडे परत पाहिलें म्हणजे तेंच यंत्र तेथेंही फिरतांना दिसतें. झाडाचा रस हा कांहीं फुकट मांडलेला शिधा नव्हे. प्रत्येक झाड आपल्या रसांत किड्याला न सोसणारीं द्रव्यें मिसळतें आणि प्रत्येकाचीं निराळीं. कोशिंबाचीं सोसण्यास समर्थ झालेला किडा पळसावर तितकाच समर्थ असेलच असें नाहीं. मादी जन्मभर एका जागीं खिळलेली, नराला तीन दिवसांची मुदत. तेव्हां सोयरीक बहुधा त्याच झाडावर होणार. त्यांत पंचांगें वेगळीं, म्हणून एकीकडे नर उडत असतात तेव्हां दुसरीकडच्या माद्यांचें वय बहुधा जुळत नाहीं. भरीस शेतकरीही कोशिंबाचें बेणें कोशिंबावरच बांधीत आला. त्यानें नकळत ही भिंत आणखी पक्की केली.

या ज्ञानाअभावीं केवढी चूक होते, याचें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. मेक्सिकोचा किरमिजी रंग देणारा किडा निवडुंगावर वाढतो. स्पॅनिश लोकांचा तो मक्ता मोडावा म्हणून कंपनी सरकारनें त्या किड्यासाठीं खटपट केली आणि १७९५ सालीं ब्राझिलांतून एक किडा हिंदुस्थानांत आणविला. तो निघाला दुसऱ्याच जातीचा. रंगाचा धंदा कांहीं उभा राहिला नाहीं; पण त्या किड्यानें येथें वाढलेला एका जातीचा निवडुंग मात्र फस्त केला. तेव्हां लोकांस वाटलें कीं निवडुंगाचें औषध सांपडलें. परंतु फड्या निवडुंग शेतें गिळीत चालला असतां त्याला हा किडा शिवेना. त्याच्या लेखीं तो निवडुंगच नव्हता. शेवटीं १९२६ सालीं फड्यावरच जगणारी दुसरी जात सिंहलद्वीपांतून आणून दक्षिणेंत सोडली, तेव्हां तो हटला. पुढें आफ्रिकेंत तर याहून सूक्ष्म अनुभव आला. क्रूगर अभयारण्यांत एका निवडुंगावर याच दुसऱ्या जातीचा किडा सोडला असतां चालेना. कारण तो दुसऱ्या निवडुंगावर वाढलेल्या वंशाचा होता. त्याच जातीचा, पण योग्य निवडुंगावरचा वंश १९९७ मध्यें आणून सोडला, तेव्हां काम झालें. नांव एक, रूप एक, पण आंतला वंश दोन. आणि हा भेद डोळ्यांना दिसत नाहीं, तो झाडालाच विचारावा लागतो.

आतां आमच्या त्या जाणत्या गृहस्थांच्या हिशेबाकडे वळूं. एका झाडाबद्दल अनेक झाडें, हा हिशेब झाड म्हणजे सांवली किंवा लांकूड असें धरलें तर बरोबर आहे. परंतु जो किडा एकाच झाडावर जगण्यासाठीं हजारों पिढ्या घडत आला, त्याच्या दृष्टीनें कोशिंब गेला आणि त्या जागीं दुसऱ्या जातीचीं शंभर रोपें आलीं, तरी बाकी शून्यच राहते. लाखेची गोष्ट आपणांस ठाऊक झाली, कारण तिच्यावर बाजार चालला. पण प्रत्येक रानांत अशा किती किड्यांचे किती वंश आपापल्या झाडाला बिलगून आहेत! आपल्या परसांतला कढीलिंब घ्या. त्यावरची हिरवी अळी, जिचें पुढें लिंबावरचें फुलपाखरूं होतें, ती लिंबाच्या कुळाबाहेरच्या पानाला सहसा तोंड लावीत नाहीं. रुईचा चीक गुरेंही टाळतात, पण एका पट्टेरी अळीला तोच मानवतो. या प्रत्येकाच्या मागें कोशिंब-पळसासारखी एखादी न लिहिलेली बखर आहे. बखरींतलीं पानें फाडून त्यांच्या जागीं तितकेच कोरे कागद शिवले, तर पृष्ठसंख्या बरोबर भरेल. पण वाचावयास कांहीं उरणार नाहीं.

यावरून रस्ते होऊंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. त्याच रस्त्यानें आम्हीही प्रवास करतों. आमचें मागणें इतकेंच कीं, जेथें कोशिंब गेला तेथें कोशिंब लावावा, जेथें पळस गेला तेथें पळस. आणि तोही लांबच्या रोपवाटिकेंतला न आणतां जवळच्या रानांतील बियांचा असावा. आमच्या अंगणालगत गेल्या पावसाळ्यांत आम्हीं कोशिंबाचें एक रोप लावलें आहे. त्याच्या सांवलींत बसण्याचा योग आमच्या नशिबीं नाहीं, हें उघड आहे. यंदा फाल्गुनांत त्याला चारच पानें फुटलीं, पण तीं तांबडीं होतीं.